"सगळे दात काढा आणि कवळी बसवा": मधुमेह, रोजच्या गोळ्या आणि एका तोंडाची गुंतागुंत

सत्तावन्न वर्षांच्या बाई. राहणार धायरी, मूळ गाव भोर तालुक्यात. माळकरी, जन्मभर शाकाहारी. मुलगा त्यांना सिंहगड रस्त्यावरच्या दवाखान्यात घेऊन आला तो एकच मागणी घेऊन: सगळे दात काढा, कवळी बसवा, रोजची कटकट नको. खालचे पुढचे दात हलत होते. डाव्या खालच्या दाढेशी आठ महिन्यांत तिसऱ्यांदा गळू आलं होतं. जिभेची आग इतकी, की तिखट सोडाच, साधं वरणही झोंबायचं. भाकरी चावत नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ चहात बुडवून खारी आणि रात्री दूधभात. मागच्या दोन्ही गळवांवर मेडिकलमधून पाच दिवसांची अँटिबायोटिक आणि पेनकिलरची गोळी घेतली होती. सूज उतरायची, महिन्या-दोन महिन्यांत परत यायची.

हे प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीचं नाही. पुण्यातल्या दंतदवाखान्यांत एकत्र दिसणाऱ्या तक्रारी इथे एका रुग्णाभोवती मांडल्या आहेत आणि आकडे त्या चित्राला धरून घेतले आहेत. औषधांची मात्रा फक्त प्रकरण समजण्यासाठी दिली आहे. ती वाचून कुणी आपली गोळी बदलू किंवा बंद करू नये.

आधी पिशवी, मग आरसा

पन्नाशीपुढच्या रुग्णाच्या तोंडात आरसा घालण्याआधी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगावी. "बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत" या वाक्यातून काहीच कळत नाही. पाकिटं बघावी लागतात. या पिशवीतून निघालं ते असं: शुगरसाठी मेटफॉर्मिन १००० मिग्रॅ दोन वेळा, अकरा वर्षांपासून. ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ सकाळी, तीही शुगरचीच. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आधी ५ आणि गेल्या दीड वर्षापासून १० मिग्रॅ. पाच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यामुळे अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ आणि अ‍ॅटोरवास्टॅटिन ४० मिग्रॅ. शिवाय पायांची रात्री आग होते म्हणून तिसऱ्याच डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन २५ मिग्रॅ, झोपताना. एकूण तीन डॉक्टर, तीन वेगळ्या चिठ्ठ्या, आणि तिन्ही चिठ्ठ्या एकत्र कुणीच पाहिलेल्या नाहीत.

दुसरी पिशवी कमरेला होती, चंची. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला बाईंनी "नाही" असं उत्तर दिलं आणि ते त्यांच्या हिशेबाने खरंच होतं. "काकू, मिश्री लावता का?" असं विचारल्यावर डबी बाहेर आली. दिवसातून चार वेळा, लग्नाआधीपासून. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच, पण पुणे जिल्ह्यातल्या गावांमधून तिला दात घासायची पूड समजतात, व्यसन समजत नाहीत. इतिहास घेताना तंबाखू, गुटखा, विडी आणि मिश्री ही चार नावं वेगवेगळी घ्यावी लागतात.

पिशवी पाहून झाली तेव्हा तोंड न उघडताच तीन संशय पक्के होते. अ‍ॅम्लोडिपिनमुळे हिरड्या फुगतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिनमुळे लाळ आटते. दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे ब१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि इथे तर जोडीला शाकाहार. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे शहरात आणि आसपासच्या गावांत ब१२ची कमतरता किती सर्रास आहे हे दाखवून दिलं आहे, आणि त्यात शाकाहार हे मोठं कारण आहे. अशा माणसाला अकरा वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल, तर जिभेची आग ऐकताच ब१२ आठवायला हवं.

तोंडात काय दिसलं

तपासणी गळवापासून सुरू झाली, कारण दुखत तिथे होतं. ३६ क्रमांकाच्या, म्हणजे दंतवैद्यांच्या मोजणीत डावीकडच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला फुगवटा, दाबल्यावर हिरडीच्या कडेतून पू. चेहऱ्यावर सूज नाही, ताप नाही, तोंड पूर्ण उघडत होतं, गिळायला त्रास नव्हता. या चारपैकी एक जरी गोष्ट उलट असती, तर रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं असतं. अनियंत्रित मधुमेहात जबड्याखालची सूज काही तासांत मानेत उतरू शकते. बोटाच्या टोकावरची शुगर २८७, रक्तदाब १४८/९२.

तोंडात २६ दात होते. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, म्हणजे १५६ ठिकाणी प्रोबने, म्हणजे खुणा केलेल्या बोथट सळईने, खोली मोजली. हिरडी आणि दात यांच्यातली फट १ ते ३ मिमी असली की ठीक, त्याहून खोल झाली की तिला खप्पा म्हणतात. इथे ४८ ठिकाणी ती ५ मिमी किंवा जास्त होती आणि ३६च्या मागच्या मुळाशी ८. प्रोब लावल्यावर १११ ठिकाणी रक्त आलं, म्हणजे ७१ टक्के. खालचे मधले दोन दात, ३१ आणि ४१, वर-खालीही हलत होते. एक्स-रेमध्ये त्यांच्या मुळांच्या फक्त टोकाला हाड शिल्लक होतं. वरची २७ क्रमांकाची दाढ मुळाच्या फाट्यापर्यंत किडलेली.

वरच्या पुढच्या दातांमधल्या हिरड्यांचे कोपरे गोट्यांसारखे वर आले होते. गुलाबी, घट्ट, दाबले तरी खचत नव्हते. पायोरियाची सूज लाल आणि भुसभुशीत असते. ही तशी नव्हती. औषधाने वाढलेली हिरडी दोन दातांमधल्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि कीटण जास्त असेल तिथे जास्त वाढते. म्हणजे गोळी एकटी दोषी नसते, तिला कीटणाची साथ लागते.

जीभ गुळगुळीत, कडांना लाल, मधोमध पांढुरका थर. ओठांचे दोन्ही कोपरे चिरलेले. टाळूवर, जिथे दोन कृत्रिम दाढांची प्लास्टिकची पट्टी बसते, नेमक्या तिच्याच आकाराचा लाल डाग. पट्टी दिवसरात्र तोंडातच असे. काढून ठेवायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. खालच्या ओठाच्या आत, मिश्री दाबून ठेवायच्या जागी, सुरकुतलेला करडा-पांढरा पट्टा.

लाळ मोजायला फारसं काही लागत नाही. तासभर काही खाल्लेलं-प्यायलेलं नसावं, मान खाली घालून बसवायचं आणि पाच मिनिटं तोंडात जमेल ती लाळ मापाच्या नळीत सोडायला सांगायची. निरोगी माणसात मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली येते. ०.१च्या खाली गेली तर तोंड खरोखर कोरडं आहे, नुसतं वाटतंय असं नाही. इथे पाच मिनिटांत ०.४ मिली जमली, म्हणजे मिनिटाला ०.०८. ही तपासणी फार कमी ठिकाणी होते याचं आश्चर्य वाटतं. पाच मिनिटं आणि एक नळी एवढाच खर्च, आणि पुढचे निम्मे निर्णय तिच्यावर ठरतात.

कोरड्या तोंडाचा उपाय बाईंनी स्वतःच शोधला होता: दिवसभर जिभेखाली खडीसाखर. हिरडी खाली सरकल्याने उघड्या पडलेल्या मुळांवर पाच ठिकाणी कीड होती, ती इथून आली. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ सामूला विरघळू लागतं, पण मुळाचा भाग त्याआधीच, ६च्या वर असतानाच. साखर सतत, धुवायला लाळ नाही, आणि मूळ उघडं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की कीड गळपट्ट्यासारखी दाताभोवती फिरते.

कवळी का नको

मुलाची मागणी समजण्यासारखी होती. पण पूर्ण कवळी टाळूला चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरावर. मिनिटाला ०.०८ मिली लाळ असलेल्या तोंडात ती घसरते, घासते, जखमा करते, आणि शुगर जास्त असताना त्या जखमा चिघळतात. प्लास्टिकखाली बुरशी वाढते, ती तर आधीच वाढलेली होती. शिवाय कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. भाकरी, उसळ, कोशिंबीर सुटते आणि खारी, भात, साबुदाणा कायमचे ताटात येतात. म्हणजे शुगर आणखी वर. सव्वीसपैकी तीन दात जाणार होते, बाकीचे तेवीस वाचण्यासारखे होते. हे मुलाला एक्स-रे समोर धरून, प्रत्येक दातावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा त्याला पटलं.

शुगर आणि हिरडी: दुतर्फा रस्ता

दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. रक्तातली जादा साखर हिरडीतल्या कोलॅजनला चिकटते आणि त्यातून तयार होणारी संयुगं दाह पेटता ठेवतात. जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात, बारीक रक्तवाहिन्यांची भिंत जाड होते, तुटलेलं कोलॅजन नव्याने विणलं जात नाही. म्हणून तेवढ्याच कीटणाने मधुमेह्याचं हाड जास्त वेगाने जातं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गवारीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ७ किंवा जास्त असेल तर हिरड्यांचा आजार थेट ग्रेड सी, म्हणजे वेगाने वाढणारा, धरतात.

उलट दिशेनेही तेच चालतं. खप्प्यांच्या आतली सगळी सोललेली त्वचा उलगडून पसरली, तर तिचं क्षेत्र साधारण ८ ते २० चौरस सेंमी भरतं असा अंदाज आहे. "तळहाताएवढी जखम" हे ठिकठिकाणी छापलेलं वाक्य थोडं फुगवलेलंच आहे, पण ८ चौरस सेंमीची पू धरलेली जखम हाताच्या पाठीवर असती तर कुणी आठ महिने मेडिकलच्या गोळ्यांवर काढले नसते. त्या जखमेतून रक्तात जाणारी दाहकारक रसायनं इन्शुलिनचं काम अडवतात. गळू असताना २८७ दिसलेली शुगर काही अंशी गळवाचीच होती.

डॉक्टरांना पाठवलेलं पत्र

दात काढण्याआधी "फिजिशियनकडून फिटनेस आणा" असं सांगायची पद्धत आहे. रुग्ण जातो, "दंतोपचारास योग्य" अशा एका ओळीचा कागद घेऊन येतो, आणि दोन्ही डॉक्टरांना काहीच नवीन कळलेलं नसतं. इथे पत्रात प्रश्न घालून पाठवले.

पहिलं, हिरड्यांची स्थिती आकड्यांत, आणि एचबीए१सी, क्रिएटिनिन, हिमोग्राम, ब१२ करून मिळावेत अशी विनंती. दुसरं, हिरड्यांची वाढ अ‍ॅम्लोडिपिनमुळे असावी. दुसऱ्या गटातली रक्तदाबाची गोळी देता येईल का? तिसरं, लाळ मिनिटाला ०.०८ मिली आहे. अ‍ॅमिट्रिप्टिलिनला पर्याय शक्य आहे का, विशेषतः स्टेंट असताना? चौथं विचारलं नव्हतं, कळवलं होतं: अ‍ॅस्पिरिन चालू ठेवूनच दात काढणार आहोत, कृपया बंद करायला सांगू नये. ही ओळ मुद्दाम लिहावी लागते. दात काढायचा म्हणून पाच-सात दिवस अ‍ॅस्पिरिन बंद करण्याचा सल्ला अजूनही सहज दिला जातो. दाताच्या जागेचं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये झालेली गुठळी तशी थांबवता येत नाही.

उत्तर आठवड्यात आलं. एचबीए१सी ९.६, हिमोग्लोबिन १०.४ आणि तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, ब१२ १४२ पिकोग्रॅम, म्हणजे स्पष्ट कमी. क्रिएटिनिन ठीक. अ‍ॅम्लोडिपिनच्या जागी टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा. अ‍ॅमिट्रिप्टिलिन २५ वरून १०, मग बंद, त्याऐवजी रात्री प्रीगाबालिन ७५. ब१२ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं, आधी एक दिवसाआड, नंतर आठवड्याला. पायांची आगही ब१२मुळे असू शकते, अशी नोंद डॉक्टरांनी स्वतःहून केली होती. शुगरसाठी सिटाग्लिप्टिन जोडलं. हृदयाचा विचार करता डापाग्लिफ्लोझिन द्यायचं होतं, पण रुग्णाचं खाणं धड नाही आणि दात काढायचे आहेत, अशा काळात त्या गोळीने शुगर फार न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. म्हणून ती दात काढून जेवण सुरळीत झाल्यावर, दहाव्या आठवड्यात सुरू झाली. अशी पत्रोत्तरं दुर्मीळ असतात, पण विचारल्याशिवाय ती येतही नाहीत.

मुलाने विचारलं, स्टेंट आहे तर दात साफ करण्याआधी अँटिबायोटिक नको का? नको. तो नियम कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या अस्तराचा जंतुसंसर्ग आणि काही जन्मजात हृदयदोष यांच्यासाठी आहे.

उपचार, क्रमाने

पहिल्या दिवशी गळवातला पू खप्प्याच्या वाटेनेच बाहेर काढला, सलाइनने धुतलं, मुळावरचं सुटं कीटण खरवडलं. शुगर २८७ होती म्हणून अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ तीन वेळा, तीनच दिवस. तिसऱ्या दिवशी पाहून बंद. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन टाळलं, कारण ते अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं आणि रक्तदाब वाढवतं.

बुरशीसाठी फ्लुकोनाझोलच्या गोळ्या सर्वात सोप्या वाटतात. इथे त्या घातक ठरल्या असत्या: त्या ग्लिमेपिराइडचा निचरा अडवतात, शुगर अचानक खाली जाते, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसोबत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून क्लोट्रिमाझोल १ टक्क्याचा माउथ पेंट दिवसातून चार वेळा, जिभेला, टाळूला, ओठांच्या कोपऱ्यांना आणि पट्टीच्या आतल्या बाजूला. लावल्यावर अर्धा तास पाणी नाही. चौदा दिवस. पट्टी रात्री बाहेर: मऊ ब्रशने आणि साबणाने घासून, क्लोरहेक्सिडिनमध्ये वीस मिनिटं बुडवून, मग रात्रभर साध्या पाण्यात. टूथपेस्टने पट्टी घासली तर तिच्यावर ओरखडे पडतात आणि बुरशीला घर मिळतं.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात तोंडाच्या एकेका चतुर्थांशात हिरडीखालची सफाई झाली, आधी अल्ट्रासोनिकने, मग हाताच्या क्युरेटने मुळाचा पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. भूल देताना हिशोब ठेवावा लागला. १:८०,००० च्या लिग्नोकेनमध्ये मिलिलिटरला १२.५ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रेनलिन असतं. हृदयरुग्णासाठी एका वेळची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे ३ मिलीच्या थोडं वर. अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल तर अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम वाढतो, म्हणून एका बैठकीत २ मिलीपुढे गेलं नाही, आणि प्रत्येक वेळी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही हे पाहूनच औषध सोडलं.

दुसऱ्या बैठकीला गडबड झाली. वेळ सकाळी साडेनऊची. बाईंनी ग्लिमेपिराइड घेतली, बस सुटेल म्हणून नाश्ता राहिला. खुर्चीत बसल्यावर घाम, हात थरथरणं, "डोकं हलकं झालंय". भीतीमुळेही असंच होतं आणि भुलेच्या इंजेक्शननेही, म्हणून अंदाज न करता मोजायचं असतं. शुगर ६४ निघाली. तीन चमचे भरून साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजली, ९८. मग बिस्किटं, आणि त्या दिवशीचं काम रद्द. यानंतर कार्डावर तीन ओळी लिहिल्या: नाश्ता आणि गोळी दोन्ही घेऊनच यायचं, बसल्याबरोबर शुगर मोजायची, ७०च्या खाली किंवा २५०च्या वर असेल तर तातडीचं नसलेलं काम पुढे, एकादशीला अपॉइंटमेंट नाही. शेवटची ओळ विनोद नाही. महिन्यात दोन एकादश्या, त्या दिवशी सकाळची गोळी पोटात आणि जेवण दुपारी साबुदाण्याचं. उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइडचं काय करायचं हे डॉक्टरांकडून लिहून घेतलं. खुर्चीतून उठवतानाही पाठ हळूहळू वर करून दोन मिनिटं बसवून ठेवायचं, कारण रक्तदाबाच्या गोळ्या आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन दोन्हींमुळे उठताना भोवळ येते.

क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, अल्कोहोल नसलेलं, १० मिली दोन वेळा, दोनच आठवडे. ब्रश केल्यानंतर अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधला फेस करणारा घटक त्याला निकामी करतो. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी होतात, चव जाते.

सहाव्या आठवड्यात उपाशीपोटीची शुगर १४०च्या आसपास आली तेव्हा ३१ आणि ४१ काढले, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवून. जागेत जिलेटिनचा स्पंज, एक टाका, अर्धा तास गॉज दाबून. काढलेल्या त्या दोन दातांची मुळं कापून, वरचे भाग साफ करून, फायबरच्या पट्टीने आणि कॉम्पोझिटने ३३ ते ४३ पर्यंतच्या दातांना मागून जोडले. स्वतःचाच दात, स्वतःच्याच रंगाचा, त्याच दिवशी जागेवर. शेजारचे किंचित हलणारे दोन दातही त्या बंधात आधाराला आले. कायमचा उपाय नाही, पण समोर खिंडार न पडता वर्ष-दोन वर्षं काढता येतात आणि पुढचा निर्णय शुगर ठिकाणावर आल्यावर घेता येतो.

सातव्या आठवड्यात २७ काढली. सगळं नीट झालं आणि रात्री नऊला मुलाचा फोन: रक्त येतंय. बाईंनी संध्याकाळी कोमट मिठाच्या पाण्याने जोरात गुळण्या केल्या होत्या. पहिले चोवीस तास गुळणी नाही, थुंकणं नाही हे सांगितलं होतं, पण "मिठाच्या पाण्याने दात बरा होतो" हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असलेल्या गोष्टींपैकी होतं, आणि गुठळी निघून गेली. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची ५०० मिग्रॅची गोळी १० मिली पाण्यात विरघळवून, त्यात गॉजची घडी भिजवून, वीस मिनिटं घट्ट चावायला सांगितलं, मध्ये काढून न बघता. थांबलं. ही गोळी आणि गॉज आधीच घरी दिलेलं असल्याने रात्री धावाधाव झाली नाही.

मुळांवरच्या पाच किडींपैकी तीन ग्लास आयोनोमरने भरल्या. मागच्या दोन, जिथे कोरडं ठेवून भरणं अवघड होतं, तिथे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं. ती जागा कायमची काळी पडते, हे लावायच्या आधी दाखवून सांगावं, नंतर नाही. दर तीन महिन्यांनी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा व्हार्निश. खडीसाखर बंद, तिच्या जागी झायलिटॉलच्या बिनसाखरेच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली. लाळ वाढवणारं पिलोकार्पिन हृदयरोगामुळे वापरलं नाही.

वाढलेली हिरडी कापायची घाई केली नाही. गोळी न बदलता कापली तर ती परत येते, आणि गोळी बदलून कीटण निघालं की बरीचशी आपोआप बसते.

तीन आणि सहा महिन्यांनी

तिसऱ्या महिन्यात २३ दातांच्या १३८ जागांपैकी २९ ठिकाणी रक्त आलं, म्हणजे २१ टक्के. पाच मिमी किंवा खोल खप्पे ४८ वरून १७. वरच्या हिरड्यांचे गोटे दोन जागा सोडून बसले. उरलेल्या दोन ठिकाणी लहानशी शस्त्रक्रिया करून आकार दिला. लाळ ०.०८ वरून ०.१८ मिली. पुरेशी नाही, पण कोरडेपणाच्या रेषेच्या वर. जीभ पुन्हा खरबरीत, आग गेली. बुरशी गेली म्हणून की ब१२ भरून निघालं म्हणून, हे दोन्ही उपचार एकदम सुरू असताना सांगता येत नाही आणि सांगायची गरजही पडली नाही.

एचबीए१सी तिसऱ्या महिन्यात ८.१ आणि सहाव्यात ७.४. हा आकडा वाचताना हात आखडता घ्यावा. हिरड्यांच्या सफाईने तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसतं. बाकीची घट नव्या गोळ्यांची आणि भाकरी-उसळ परत ताटात येण्याची. शिवाय ब१२ कमी असताना तांबड्या पेशी जास्त दिवस रक्तात राहतात आणि एचबीए१सी खोटा वर दिसतो. इंजेक्शनं सुरू झाल्यावर नव्या पेशी येतात आणि तो खोटा खालीही येतो. म्हणून डॉक्टरांनी घरी मोजलेल्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या शुगरची वही जास्त महत्त्वाची मानली. तीत उपाशीपोटी ११० ते १३० दिसत होतं.

मिश्रीचं सरळ झालं नाही. २ मिग्रॅ निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या आणि १८०० ११२ ३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरचा सल्ला यांवर सहा आठवडे सुटली होती. ओठाच्या आतला पट्टा तिसऱ्या आठवड्यातच फिका होऊन गेला. तो टिकला असता तर तुकडा काढून तपासावा लागला असता. मग गावच्या जत्रेत पुन्हा सुरू, आता दिवसातून एकदा. दर भेटीला त्या जागेचा फोटो काढून जुन्याशी ताडून पाहतात. ३६च्या मागच्या मुळाशी अजून ६ मिमीचा खप्पा आहे आणि तिथे हिरडी उघडून साफ करायची आहे. खर्च झेपत नसेल तर धनकवडी किंवा पिंपरीच्या दंत महाविद्यालयात हे काम कमी पैशात होतं, तसं पत्र मुलाकडे दिलं आहे. तारीख ठरली आहे ती एकादशी टाळून, सकाळी दहाची, नाश्ता करून.